क्लॅरिनेट: माउथपीस, रीड आणि लिगेचर नीट बसवण्याविषयी

काळीपाच

क्लॅरिनेट शिकणाऱ्यांच्या तक्रारी हल्ली वरचेवर कानावर येतात. मधेच चिरकतं, खालचे स्वर निघतात पण वरचे निघत नाहीत, थोडा वेळ वाजवलं की ओठ भरून येतो. मग नवं वाद्य घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. माझं म्हणणं असं की पैसे घालण्याआधी वरचे साडेतीन इंच तपासा: माउथपीस, त्याला टेकलेली रीड म्हणजे वेताची पातळ पट्टी, आणि ती धरून ठेवणारं लिगेचर. स्वर तयार होतो तो तिथेच. हे तीन भाग एकमेकांना जुळलेले नसतील तर महागातलं वाद्यही रडतं, आणि जुळलेले असतील तर साधं विद्यार्थी मॉडेलसुद्धा सुरेल बोलतं.

माउथपीस उलटा करून उजेडात धरा. खालच्या अंगाला एक सपाट बैठक दिसेल, तिच्यापुढे लांबट खिडकी, खिडकीच्या दोन्ही बाजूंना बारीक कडा आणि टोकाला अगदी अरुंद धार. बैठक सपाट असली तरी कडा टोकाकडे जाताना हळूहळू मागे वळतात. त्यामुळे रीड बांधली की टोकाशी फट उरते. फुंकल्यावर रीड या फटीत उघडझाप करते आणि हवेचा खांब थरथरतो. ही फट यामाहा ४सी या सुरुवातीच्या माउथपीसवर १.०५ मिमी असते, व्हँडोरेन ५आरव्हीवर १.०६५ मिमी, तर बी४५ वर १.१९५ मिमी. आकडे जवळजवळ दिसतात, पण ओठाला यातला फरक पहिल्या फुंकेला कळतो.

रीडवरचा आकडा याच फटीच्या संदर्भात वाचायचा. २, २½, ३ हे आकडे जाडीचे नाहीत. एका प्रकारच्या सगळ्या रीड एकाच मापात कापतात आणि मग कुठली किती ताठ आहे हे मोजून आकडा टाकतात. फट मोठी असेल तर मऊ रीड, फट लहान असेल तर थोडी ताठ रीड चालते. म्हणून 'तो तीन नंबर वाजवतो, मी अजून दोनवरच' ही तुलना करण्यात काही अर्थ नाही. कुठल्या माउथपीसवर तीन नंबर, हे आधी विचारा. शिवाय एका कंपनीचा अडीच आणि दुसरीचा अडीच सारखे नसतात.

आता बसवणं. आधी माउथपीस एकटाच बॅरलमध्ये, म्हणजे त्याच्या लगेच खालच्या आखूड नळीत, फिरवत बसवा, रीड नंतर. लिगेचर मुठीत धरून माउथपीस ढकलला तर लिगेचर वाकतं आणि रीड सरकते. रीड ओली करून घ्या, दोन्ही टोकं. कोरडी रीड नीट कंप पावत नाही आणि टोकाला चिरण्याची भीती असते. पातळ टोकाला लाटा आल्यासारख्या दिसल्या तर घाबरू नका, भिजली की सपाट होते. लिगेचरचे स्क्रू सैल करून ते माउथपीसवर चढवा, अंगठ्याने जरा वर उचलून धरा आणि रीड जाड टोकाकडून वरून खाली त्याच्या आत सरकवा. लिगेचर नंतर चढवायला गेलात तर त्याची कड रीडच्या टोकाला लागते, आणि ते टोक जेमतेम ०.१ मिमी जाड असतं. बहुतेक चांगल्या रीड अशाच बाद होतात.

मग जागा. रीड बरोबर मध्यावर, दोन्ही कडा सारख्या झाकलेल्या. समोरून सरळ पाहिलं की रीडच्या टोकावर माउथपीसची केसभर काळी रेघ दिसली पाहिजे. रीड वर गेली तर ती ताठ लागते, खाली आली तर हलकी लागते पण स्वर पसरट होतो. ही केसभर हालचाल फुकटात मिळते, म्हणून आधी ती करून पाहावी.

लिगेचर रीडच्या सालीवर बसलं पाहिजे, जिथून रीड तासायला सुरुवात होते त्याच्या खाली. काही माउथपीसवर त्यासाठी दोन रेघा कोरलेल्या असतात. साध्या धातूच्या लिगेचरचे स्क्रू रीडच्या बाजूला येतात आणि त्यांची डोकी वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला. स्क्रू वरच्या अंगाला येणारी उलट्या पद्धतीची लिगेचरंही मिळतात, तेव्हा घेताना कुठलं आहे ते बघा. खालचा स्क्रू ठीक आवळा, वरचा फक्त टेकेल इतपत.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहितो.

गोदाकाठ

फार उपयोगी लिहिलंत. माझी मुलगी सातवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. वाद्य आम्ही वापरलेलं घेतलं, माउथपीसवर बी४५ असं कोरलंय. एका दुकानात रीड मागितली तर त्यांनी तीन नंबरची पेटी दिली, हीच सगळे नेतात म्हणाले. पोरीचा चेहरा लाल होतो आणि स्वराबरोबर नुसती हवा ऐकू येते. सराव कमी पडतोय की काही वेगळं आहे?

काळीपाच

सराव कमी पडत नाहीये, तिला हवे त्याहून जास्त कष्ट पडतायत. बी४५ मोकळा, म्हणजे मोठ्या फटीचा, माउथपीस आहे, त्यावर तीन नंबर या वयाला जड जातो. स्वरात हवेचा फुसफुसाट ही ताठ रीडचीच खूण. दोन नंबर आणा, फार तर अडीच. रीड फार मऊ झाली तर उलटं दिसेल: आवाज पातळ आणि चिरका येईल, वरचे स्वर उतरतील किंवा मधेच बंद पडतील, कारण ओठाच्या दाबाने रीड फट बंद करून टाकते.

आणि एक चाचणी घरी करा. रीड बांधलेला माउथपीस बॅरलमधून काढा, खालचं तोंड तळहाताने घट्ट झाका, वरून आतली हवा ओढून घ्या आणि तोंडातून बाहेर काढा. रीड क्षणभर चिकटून राहून मग टप्प करून उघडली तर सगळं हवाबंद आहे. चिकटतच नसेल तर रीडची पाठ वाकलीय, किंवा ती तिरपी बसलीय, किंवा माउथपीसची बैठकच बिघडलीय. दोन-तीन वेगवेगळ्या रीड लावूनही तेच होत असेल तर दोष माउथपीसचा.

अजून एक. पातळ कागदाचा तुकडा टोकाकडून रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये सरकवा. जिथे अडेल तिथे रीड माउथपीसपासून सुटते. खालचा ओठ साधारण त्या जागी यायला हवा. लहान मुलं माउथपीस फार कमी तोंडात घेतात आणि आवाज कोंडतो. फार जास्त घेतला तर चिरकतो. वरचे दात माउथपीसवर टेकलेले, खालचा ओठ दातांवर किंचित वळवलेला आणि गाल फुगवायचे नाहीत.

सुरावट

बसवलेलं बरोबर आहे की नाही हे स्वरावरून तपासायची काही रीत आहे का? माझ्याकडे पेटी (हार्मोनियम) आहे.

काळीपाच

आहे, आणि पेटी असेल तर फारच सोपं. नेहमीचं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं, म्हणजे त्याचा सा आपल्या काळी पाचला, पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीला. नुसता माउथपीस वाजवला तर साधारण पांढरी एकचा स्वर मिळतो, वरच्या सप्तकातला. माउथपीसला बॅरल जोडून वाजवलं की काळी तीन. हे स्वर उतरत असतील तर ओठ ढिला आहे किंवा रीड फार मऊ आहे. चढत असतील तर चावून वाजवणं चाललंय. नवशिक्याने रोज आधी काही मिनिटं माउथपीस आणि बॅरल एवढ्यावरच काळी तीन स्थिर धरायचा सराव करावा. चाव्यांची घाई करू नये.

रंकाळा

नमस्कार. आमचं घराणं बँडवाल्यांचं, मी तिसऱ्या पिढीतला. वरचं सगळं पटलं, पण वरातीत वाजवणाऱ्याच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो.

उघड्यावर, ताशा आणि ट्रम्पेटच्या शेजारी, क्लॅरिनेट ऐकू जायला पाहिजे तर मोकळा माउथपीस आणि मऊ रीडच लागते. चार-चार तास चालत वाजवायचं असतं, ताठ रीडवर ओठ टिकत नाही. तेव्हा बंद खोलीत जे गोड वाटतं ते रस्त्यावर चालेलच असं नाही.

दुसरं, आमच्याकडची बरीच वाद्यं अल्बर्ट पद्धतीची, म्हणजे चाव्यांच्या जुन्या मांडणीची, आणि त्यांचे माउथपीस पिढ्यान् पिढ्या वापरलेले. बैठकीवर खाचा, कडा झिजलेल्या. अशा माउथपीसला भारीतली रीड लावली तरी हवा गळणारच. आम्ही जुनं वाद्य टाकत नाही, पण माउथपीस नवा घेतो. एवढ्या एका बदलानं वाद्य पुन्हा बोलायला लागलेलं मी बघितलंय.

वडील एक युक्ती करायचे. रीड मऊ पडली की टोकावर नाणं धरायचं, नाण्याची गोलाई रीडच्या टोकाशी जुळवायची आणि बाहेर राहिलेली धागाभर कड जाळून टाकायची. रीड परत ताठ. आता त्यासाठी रीड कापायचं छोटं यंत्र मिळतं, पण युक्ती चालते. सांध्यावरचा कॉर्क सैल झाला की दोरा गुंडाळायचा, हे तर आमचं रोजचंच.

काळीपाच

रंकाळा दादा, मनापासून आभार, हे तुमच्याशिवाय कुणी लिहिलं नसतं. दोऱ्याचं तर अगदी खरं आहे, कॉर्क यायच्या आधी या वाद्यांच्या सांध्यांवर दोराच असायचा. फक्त तो सारख्या फेऱ्यांनी गुंडाळावा, गाठीचा उंचवटा राहू देऊ नये. कॉर्क असेल तर कॉर्क ग्रीस थोडंसं लावायचं. पेट्रोलियम जेली लावू नये, कॉर्क ज्या गोंदाने बसवलेला असतो तो हळूहळू सुटतो.

मांडवीपार

गोव्याहून लिहिते. इथे पावसाळ्यात रीडवर काळे ठिपके पडतात. आमचे सर वाजवून झालं की रीड पुसून काचेच्या तुकड्यावर पाठ टेकवून रबरबँडने बांधून ठेवायला लावायचे. सासष्टीच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या नाचगाण्याच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या स्टुडिओत गेले. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे त्यांत बरेच होते. एका गाण्यात हे वाद्य, दुसऱ्यात ते, त्यामुळे रीड सांभाळणं हा त्यांच्या पोटापाण्याचाच भाग.

माझा प्रश्न असा की बुरशी आलेली रीड धुऊन वापरावी का?

काळीपाच

ताई, नाही. बुरशी दिसली की टाकून द्यायची. रीड थेट तोंडात जाते आणि आपण तिच्यावरून श्वास घेतो. वाळताना पडलेला तपकिरी डाग मात्र वेगळा, वेताच्या सालीवर नैसर्गिक ठिपके असतात, त्यांनी काही होत नाही.

काचेची रीत उत्तम आहे. रीड ज्या वेतापासून बनते तो अरुंडो डोनॅक्स, ऊस आणि बांबूच्याच कुळातलं एक उंच गवत. संगीतासाठीचा नावाजलेला वेत दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातला. कापून, उन्हात वाळवून, बराच काळ मुरवून मग त्याच्या रीड तासतात. एवढं करूनही वेत पाणी पितो, फुगतो आणि आकसतो. म्हणून कोकण-गोव्यात ओल मारते, आणि मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात रीड सकाळी एक आणि दुपारी दुसरीच लागते. सपाट काचेवर ठेवली की पाठ निदान वाकत नाही. कोरड्या गावात हवाबंद डबीत ओलावा राखणारी पुडी ठेवतात. ओल्या गावात रीड आधी पूर्ण वाळवा, मगच डबी बंद करा. आणि वाजवून झाल्यावर रीड माउथपीसवर तशीच बांधून ठेवू नका, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

नवीन रीड पहिल्याच दिवशी तासभर वाजवू नये. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं, मधल्या पट्टीतले स्वर, फार जोर न लावता. मग रोज थोडं वाढवत जायचं. चार-पाच रीड पाठीवर आकडे घालून आलटून पालटून वापरल्या तर त्या जास्त दिवस टिकतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी एक फाटली तरी धांदल होत नाही.

नेकारतीर

मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो आणि इथल्या गावच्या बँडमध्ये वाजवतो. इथे बरेच जण लिगेचर वापरतच नाहीत, रीड दोऱ्याने बांधतात. जर्मन माउथपीसच्या अंगावर त्यासाठी बारीक आडव्या खाचा असतात, दोरा घसरू नये म्हणून. माझ्या शेजारी बसणारे आजोबा डाव्या अंगठ्याने रीड दाबून धरतात, उजव्या हाताने दोरा ताणून फेरीला फेरी चिकटवत नेतात आणि शेवटचं टोक फेऱ्यांखाली खोचतात. बोलता बोलता होतं. बांधून झाल्यावर ते नखाने रीडच्या जाड टोकाला हलकेच ढोसून जागा जुळवतात. आवाज मला तरी जास्त उबदार वाटतो. क्लॅरिनेट मुळात इथलंच, न्युरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांनी १७०० च्या सुमारास घडवलेलं, आणि तेव्हा रीड दोऱ्यानेच बांधत. स्क्रूच्या धातूच्या लिगेचरचं श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इवान म्युलर यांना देतात.

एक सावधगिरी: जर्मन माउथपीसची रीड अरुंद असते. भारतातून येणाऱ्यांनी फ्रेंच मापाच्या रीड इथल्या माउथपीसवर लावू नयेत.

काळीपाच

छान माहिती. याला जोडून एक सांगतो. त्या काळात बरेच वादक रीड वरच्या ओठाकडे ठेवून वाजवायचे. ती खाली घेण्याची रीत हळूहळू सगळीकडे रुळली. जिभेने स्वर तोडणं आणि खालच्या ओठाने रीडवर ताबा ठेवणं त्यामुळे सोपं झालं.

दोरा सगळीकडून सारखा दाब देतो आणि रीडला चेंगरत नाही, त्याचं चांगलेपण यातच आहे. महागडं लिगेचर घेऊनही आपण तेवढंच साधत असतो. म्हणून माझा क्रम असा: आधी माउथपीस, मग रीड, लिगेचर सगळ्यात शेवटी. चांदीचा मुलामा, सोन्याचा मुलामा, चामडं, कापड या प्रत्येकाने वाजवणाऱ्याला थोडा फरक जाणवतो. पण समोर बसलेल्याला तो क्वचितच ऐकू येतो. न वाकलेलं आणि दोन्ही स्क्रू नीट फिरणारं कुठलंही लिगेचर शिकायला पुरेसं आहे.

रंकाळा

लिगेचरवर माझं थोडं वेगळं मत. घामानं हात निसरडे असतात, चालताना वाद्य हलतं, गर्दीत धक्के लागतात. वरचा स्क्रू नुसता टेकवून ठेवला तर रीड मधेच सरकते. आम्ही दोन्ही स्क्रू बऱ्यापैकी आवळतो.

काळीपाच

वरातीत तेच बरोबर, दादा. बसून वाजवणाऱ्याने मात्र आवळलेला वरचा स्क्रू पाव फेरा सैल करून एकदा ऐकावं. स्वर लगेच मोकळा होतो.

सुरावट

मी पेटीवर शास्त्रीय गाणं शिकले, आता क्लॅरिनेटवर राग वाजवायचा प्रयत्न करते. मींड येत नाही. स्वर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारतो. रीड बदलून काही होईल?

काळीपाच

काही अंशी होईल. मींड दोन जागी तयार होते. एक, बोट छिद्रावरून सावकाश सरकवत उघडणं. यात चाव्या आड येतात, म्हणून जिथे बोट थेट छिद्रावर बसतं त्या स्वरांवर ती सहज जमते. दुसरी, ओठ आणि घसा सैल करून स्वर खाली ओढणं. या दुसऱ्या कामाला मोकळा माउथपीस आणि अर्ध्या नंबरने मऊ रीड मदत करते, कारण ताठ रीड आपल्या स्वराला घट्ट धरून बसते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात वाजवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, स्वर जागचा हलू नये. तेव्हा वाद्यवृंदवाल्याने सांगितलेलं माप रागदारीला जसंच्या तसं लावू नका.

हे वाद्य आपल्या संगीताला मानवतं की नाही, अशी शंका अजूनही काही जण घेतात. तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन यांचं कर्नाटक पद्धतीचं वादन ऐका. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हिंदुस्थानी पद्धतीत रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी आहेत. आणि आपल्याकडे मास्टर इब्राहिम यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या घरोघरी वाजायच्या. त्यांचा स्वर गळ्यासारखा वळतो, तो ऐकूनच ओठाला कळतं काय करायचंय.

मांडवीपार

एक रीड एका बाजूने जड लागते असं सर म्हणायचे. ते कसं ओळखायचं?

काळीपाच

माउथपीस तोंडात धरून क्लॅरिनेट किंचित डावीकडे फिरवा, म्हणजे ओठाचा दाब रीडच्या एकाच कडेवर येईल आणि दुसरी कड मोकळी कंप पावेल. एक सोपा स्वर वाजवा. मग उजवीकडे फिरवून तोच स्वर. एका बाजूला सहज आणि दुसऱ्या बाजूला घोगरा आला तर मोकळी राहिलेली घोगरी कड जाड आहे. आधी रीड केसभर डावी-उजवीकडे सरकवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. नाहीच भागलं तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ६०० नंबरचा वॉटर पेपर घ्या, रीड काचेवर ठेवा आणि जड कडेवर टोकाच्या मागच्या भागात अगदी हलके दोन-तीन हात फिरवा. पुन्हा वाजवून बघा. अगदी टोकाला आणि मधल्या उंचवट्याला हात लावू नका, तिथलं लाकूड गेलं की रीडचा जीवच जातो. पाठ वाकलेली असेल तर तोच कागद काचेवर पसरून पाठ त्यावर सपाट घासायची.

गोदाकाठ

दोन नंबरची पेटी आणली, आणि हवाबंद चाचणीही केली. नव्या रीड व्यवस्थित चिकटतात. एक शेवटचा प्रश्न: माउथपीसच्या आत पांढरा थर जमलाय, गरम पाण्यात उकळून काढू का? आणि प्लॅस्टिकची रीड मुलांना बरी असं कुणी म्हणालं, ते खरं का?

काळीपाच

उकळू नका, गरम पाणीही नको. एबोनाइट उष्णतेने वाकतं, हिरवट पडतं आणि गंधकाचा वास सुटतो. एकदा कडांचं वळण बिघडलं की माउथपीस गेलाच. पांढरा थर लाळेतल्या क्षारांचा असतो. कॉर्क भिजू न देता माउथपीसचं टोक थोडा वेळ पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवा, मग कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा. टोकाच्या धारेवर ब्रश किंवा नख घासू नका. नंतर उन्हात वाळत ठेवू नका, उन्हानेही त्याचा रंग उडतो. खायचं खाऊन लगेच वाजवायचं नाही, आधी चूळ भरायची, एवढं पाळलं तरी थर फारसा जमत नाही.

कृत्रिम रीड आता चांगल्या मिळतात, कॅनडातल्या लेजेरच्या रीड व्यावसायिक वादकही वापरतात. भिजवायला लागत नाहीत, पावसाळा-उन्हाळ्याने बदलत नाहीत, दीर्घकाळ टिकतात. शाळेच्या बँडला, जिथे मैदानात उभं राहून एकदम वाजवायचं असतं, तिथे मोठी सोय. पण एकेक रीड वेताच्या पेटीच्या जवळपास किमतीला पडते, त्यामुळे नंबर पक्का ठरल्यावरच घ्या. मुलीला दोन-तीन महिने वेतावर वाजवू द्या. तोवर दोन बरी की अडीच हे तिचं तिलाच सांगता येईल, मग त्या नंबरची एक कृत्रिम रीड मैदानासाठी आणि वेताच्या घरच्या सरावासाठी ठेवा.